आवाज जरा मोठा ठेवा

बुधवारी दुपारीच कळलं होतं
आज मन उतरणार.
शरणपूर रोडच्या लॅबमध्ये
कुणाचं तरी रक्त नळीत चढताना बघितलं,
लेबल चिकटवलं, नाव लिहिलं, वय लिहिलं,
आणि स्वतःचं वय आठवायला
उगाच दोन सेकंद लागले.
कारण विचाराल तर नाही.
म्हणजे आहेत,
पण एकटं उभं केलं तर
टिकेल असं एकही नाही.

सीबीएसच्या सिग्नलला हेमांगीचा फोन :
विनोदी काहीतरी लाव गं, डोकं हलकं होतं.
तिला कसं सांगू,
विनोदी सिनेमात मी
मुलीकडची की मुलाकडची हेच न कळलेल्या
पाहुणीसारखी
ताट धरून उभी राहते.

मला रडका लागतो.
तोही निवडून,
मेथी निवडावी तसा,
फक्त पिवळी पानं ठेवायची.
आजारपणाचा नको, रिपोर्ट मला आधीच कळतो.
नायक मरतो तोही नको,
मेल्यावर सगळेच बरे दिसतात.
कुत्र्याचा तर अजिबात नको, तेवढी छाती नाही.
कुणीच कुणाला सोडून गेलेलं नाही
आणि तरी सगळं सुटत चाललंय,
असा एखादा.

लॅबच्या जुन्या रजिस्टरच्या मागच्या पानांवर
माझी यादी आहे. नावं, आणि मिनिटं.
एक तास चौदा : बाई रिकाम्या डब्याला पुन्हा फडकं बांधते.
छप्पन्न : मुलगा बापाचा चष्मा लावून आरशात बघतो.
एकोणतीस : (फार लवकर. आधी जेवून घेणे.)

त्या रात्री घड्याळवाला लावला.
बंद पडलेल्या गिरणीतलं भिंतीवरचं घड्याळ,
आणि त्याला रोज शिडी लावून
चावी देणारा म्हातारा.
भाषा कुठली, मला अजून धड माहीत नाही.
एक दिवस शिडीची पायरी मोडते.
दुसऱ्या दिवशी तो ती पायरी सोडून चढतो,
पाय उचलून, सवयीचं असल्यासारखा.
तिथे मी फुटते. दरवेळी.
त्या सोडलेल्या पायरीवर माझं काय काय ठेवलंय
ते इथे लिहिणार नाही.

रडून झालं की भूक लागते.
टीव्ही बंद केला,
सकाळची भाकरी, शेंगदाण्याची चटणी,
ओट्याशी उभ्यानेच.
खिडकीत पांडवलेणीचा डोंगर,
काळा, नुसता बसलेला.

पलीकडच्या भिंतीला खैरनार राहतात,
नोटप्रेसमधून रिटायर.
बायको गेल्यापासून रात्री नऊला
हसायचा कार्यक्रम लावतात, मोठ्याने.
टीव्हीतली माणसं हसतात,
त्यांचं हसू मात्र
चार वर्षांत भिंतीतून आलेलं नाही.

शनिवारी सकाळी साडेसहाला त्यांच्याकडे गेले,
उपाशीपोटीचं रक्त घ्यायला.
डिसेंबरात शिरा आत दडून बसतात.
मूठ आवळा, म्हटलं. त्यांनी आवळली,
आणि सुईकडे बघायचं नाही म्हणून
भिंतीकडे बघत म्हणाले,
"ताई, बुधवारी तुमच्याकडे ते चाललं होतं ना,
टिकटिक, टिकटिक..."

मी ओशाळले. आवाज कमी करत जाईन, म्हटलं.

"छे छे. जरा मोठा ठेवा.
आमचा मी बंदच केला होता.
बोलणं काही कळेना,
पण कुणीतरी चढतंय, उतरतंय, एवढं कळत होतं.
मग दहाच्या पुढे डोळा लागला बघा.
शेवटी काय झालं त्याचं?
चालू राहिलं का?"

रक्त आलं. पट्टा सोडला,
कापूस ठेवला, हात दुमडायला सांगितला.
शेवट मी कधी पाहिलेलाच नव्हता.
अकरा वेळा लावून
अकराही वेळा त्या पायरीशीच बंद केला होता.

बघून सांगते, म्हटलं.
"बुधवारी?"
नाही, आज रात्री.
जेवून या.

मग लेबल चिकटवलं :
खैरनार वि. का., पुरुष,
वय एकाहत्तर.